शेण, मेण आणि ढोलक : उज्जैनची उन्हाळी सुट्टी

मे महिन्यात उज्जैनचा पारा चाळीस अंश सहज ओलांडतो. सकाळी अकरा वाजले की गोपाळ मंदिरासमोरच्या छत्री चौकातली वर्दळ ओसरते आणि गल्ल्यांना पुन्हा जाग येते ती दिवेलागणीनंतर. माळव्याची रात्र मात्र उन्हाळ्यातही सुखाची. बनारसची सकाळ आणि अवधची संध्याकाळ यांच्या जोडीला ‘शब-ए-मालवा’ म्हणजे माळव्याची रात्र वाखाणली गेली आहे, ती उगाच नव्हे. मध्य प्रदेशातल्या शाळा साधारण मेपासून जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात. या दिवसांत मुलांना चित्र, गाणे, नाटक यांत गुंतवायचे तर पहिला विचार घड्याळाचा करावा लागतो: सकाळी सात ते दहा बाहेरचे काम, दुपारी घरातल्या सावलीतले आणि रात्री गच्चीवरचे. मोबाइलवरून होणारी भांडणे बहुतेक दुपारची असतात. सकाळी हाती घेतलेले काहीतरी अर्धवट राहिलेले असेल तर दुपारही निभावते.

उन्हाळी शिबिरांचा एक ठरलेला साचा सगळ्या शहरांत दिसतो. छापील चित्रात रंग भरायचे, सिनेमाच्या गाण्यावर नाच बसवायचा आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम. दहापैकी सात दिवस त्या कार्यक्रमाच्या तालमीतच जातात आणि मुलांना प्रत्यक्षात कवायत तेवढी येते. उज्जैनला या साच्याची गरज नाही. मुलांच्या हाताला जमतील अशा कला या गावाच्या भिंतींवर, वस्त्यांत आणि जत्रांत आधीपासून आहेत.

त्यांतली एक तर मुलांनीच जिवंत ठेवलेली आहे. पितृपक्षातल्या सोळा दिवसांत माळव्यातल्या कुमारिका घराच्या भिंतीवर शेणाने सांजा मांडतात. शेणाच्या बारीक वळ्या करून आकृती लावायची, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि तिन्हीसांजेला मैत्रिणी जमवून गाणी म्हणायची. रोजची आकृती वेगळी असते. पंचमीला पाच कुंवारे, अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल असे करत शेवटी मोठा किल्लेकोट उभा राहतो. उतरवलेले शेण जमवून ठेवतात आणि शेवटी पाण्यात सोडतात. खानदेश-विदर्भातली भुलाबाई किंवा पश्चिम महाराष्ट्रातला भोंडला ज्यांना ठाऊक आहे, त्यांना सांजा परकी वाटणार नाही. हल्ली बाजारात कागदावर छापलेली सांजा मिळते. ती भिंतीवर डकवली की रीत पार पडते, पण वळी वळायला बोटे शिकत नाहीत.

सांजा पितृपक्षातली, उन्हाळ्यात ती मांडायची नसते. तिची बोटांची रीत मात्र उन्हाळ्यातच शिकवावी, कारण सवड तेव्हाच असते. शेणाऐवजी माती किंवा मळलेली कणीक घ्यावी, भिंतीऐवजी पुठ्ठा. चार वर्षांच्या मुलालाही वळी वळता येते आणि दहा वर्षांची मुलगी तिच्यातून हत्ती काढते. खडू आणि गेरूने जमिनीवर काढायचे मांडणे यानंतर शिकवले तर रेष आपोआप मोकळी येते.

क्षिप्रेच्या काठी, काळभैरवाच्या बाजूला भैरवगढची वस्ती आहे. तिथले छिपा कारागीर कापडावर ठप्पे मारतात आणि मेणाची छपाई करतात. बाटिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कामाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रीत ऐकायला सोपी आहे. वितळलेल्या मेणाने नक्षी काढायची आणि कापड रंगात बुडवायचे. मेण असेल तिथे रंग शिरत नाही. फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे जात हे पुन्हा पुन्हा करायचे आणि अखेर गरम पाण्यात मेण उतरवायचे. मेणाला पडलेल्या भेगांतून रंग झिरपतो आणि केसासारख्या रेषा उमटतात. त्या रेषा हीच या कापडाची ओळख. कारागीर काम करत असताना मुलांनी तासभर नुसते बघत बसणे हा चांगला पाठ आहे. उकळते मेण लहान हातांत देऊ नये. घरी पांढऱ्या मेणबत्तीने कागदावर चित्र काढून वरून पातळ जलरंग फिरवला तरी तीच गंमत कळते. न दिसणारे चित्र रंगाखालून वर येते तेव्हा सहा वर्षांचे मूल काय तोंड करते, हे एकदा पाहावेच.

रात्रीसाठी माच. हे नाव ‘मंच’ या शब्दावरून आले. उज्जैनमध्ये वाढलेले हे माळवी लोकनाट्य उघड्यावरच्या उंच मंचावर, ढोलक आणि सारंगीच्या साथीने, होळीच्या सुमारास रात्र-रात्र चालत असे. बालमुकुंद गुरूंसारख्या उस्तादांनी त्याचे खेळ रचले. 2024 मध्ये या कलेसाठी उज्जैनच्या ओमप्रकाश शर्मा यांना पद्मश्री मिळाली. माच जवळजवळ सगळा गाण्यात असतो, म्हणून पाठांतराला कंटाळणारी मुलेही त्यात टिकतात. त्यातही मुलांसाठी सोन्यासारखी जागा म्हणजे सुरुवात: आधी भिश्ती येऊन पाणी शिंपडतो, मग फर्राशण सतरंजी अंथरते आणि मग खेळ उभा राहतो. या दोघांना फारसे बोलावे लागत नाही, पण भरपूर नाचता-मुरडता येते. वर्गातले लाजरे मूल आधी भिश्ती करावे. राजा नंतर होईल.

मराठी बालरंगभूमीचे गणितही सुट्टीवरच बसलेले आहे. सुधा करमरकर यांनी 1959 मध्ये मुंबईत ‘मधुमंजिरी’ने बालनाट्याला नवे वळण दिले, रत्नाकर मतकरींनी पुढच्या दशकात ते पुढे नेले आणि उन्हाळी सुट्टीतली बालनाट्ये हा मराठी घरांचा रिवाज झाला. तिथे मुले मुख्यतः प्रेक्षक होती. माचात बघणारा आणि करणारा यांतले अंतर कमी असते.

उज्जैनची मराठी घरे शिंद्यांच्या काळापासूनची. 1810 पर्यंत शिंद्यांची राजधानी इथेच होती. या घरांतले मूल आजीशी मराठी, गल्लीत माळवी आणि शाळेत हिंदी बोलते. सुट्टीत याचा फायदा घेता येतो: भोंडल्याचे एक गाणे आजीकडून, सांजाचे एक शेजारणीकडून घ्यायचे आणि दोन्हींत सासर-माहेर कसे येते ते शोधायचे. जवळच्या देवासला 1948 मध्ये येऊन राहिलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्याची लोकगीते अशीच आजूबाजूच्या बायकांच्या तोंडून टिपली होती.

बघायला शिकवण्याच्या बाबतीत याच गावाने एक मराठी गुरू दिला. विष्णू श्रीधर वाकणकर (1919–1988) चित्रकार होते आणि उज्जैनमध्ये भारती कला भवन चालवत. 1957 मध्ये रेल्वेच्या खिडकीतून दिसलेल्या खडकांच्या ओढीने ते भीमबेटकाला पोचले आणि हजारो वर्षांपूर्वीची गुहाचित्रे जगापुढे आली. कागद-पेन्सिल सोबत घेऊन हिंडणे ही त्यांच्या कामाची रीत होती आणि ती मुलांना जशीच्या तशी देता येते. सकाळी सातला गावातल्या जंतर मंतर या जुन्या वेधशाळेत जाऊन सावलीची एक रेघ काढायची आणि नऊ वाजता तीच रेघ पुन्हा काढायची, एवढ्यात चित्रकला आणि खगोल दोन्ही येतात. इंदूरचे विष्णू चिंचाळकर गुरुजी तर वाळक्या पानातून आणि टाकाऊ वस्तूंतून पक्षी-प्राणी काढून दाखवत. सामानाची यादी घेऊन दुकानात धावणाऱ्या पालकांना त्यांचे काम दाखवायला हवे.

एका मोठ्या माणसामागे दहा-बारा मुले पुरेत. सातच्या आतल्यांना अर्ध्या तासापेक्षा जास्त एका जागी बसवू नये, मोठ्यांना मात्र एकच काम चार-पाच दिवस चालवू द्यावे. बक्षिसे टाळलेली बरी. एकाचा पहिला नंबर आला की उरलेली मुले चित्र काढणे थांबवतात. शेवटच्या दिवशी पालकांना बोलवायचेच असेल तर खुर्च्यांऐवजी त्यांच्याही हातात माती द्यावी.

जूनमध्ये शाळा सुरू होतात. भाद्रपद सरता सरता सांजा येते, कार्तिकात देवप्रबोधिनी एकादशीच्या सुमारास 1958 पासून चालत आलेला कालिदास समारोह भरतो आणि फाल्गुनात माचाचे दिवस. मेमध्ये कणकेवर वळलेली वळी सप्टेंबरात भिंतीवर जाते, तेव्हा तिथे कुठलेही शिबिर नसते. शेजारपाजारच्या मुली असतात आणि दारात ठेवलेली शेणाची पाटी.