अडतियाचं रिटर्न आणि सॉफ्टवेअरचा पहिला प्रश्न

नागपुरात कळमन्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डात धान्य, मिरची, संत्री, कांदे-बटाटे सगळं एकाच आवारात विकलं जातं. कमाईचे प्रकार मात्र वेगवेगळे. शेतकरी स्वतःचं पीक विकतो. व्यापारी माल आपल्या नावावर विकत घेतो आणि पुढे विकतो. अडतिया दुसऱ्याचा माल विकून देतो आणि त्यावर अडत, म्हणजे कमिशन, घेतो. प्राप्तिकराचं रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर उघडलं की हा फरक पहिल्याच पायरीवर आडवा येतो. म्हणून ते आतून कसं चालतं, ते अडतियाच्याच उदाहरणावरून बघू.

क्लिअरटॅक्स, क्विको, टॅक्सटूविन ही सॉफ्टवेअर आयकर विभागाकडे मध्यस्थ म्हणून नोंदलेली आहेत. तुम्ही पॅन टाकता, मोबाईलवर ओटीपी येतो, तो दिला की संमती झाली. मग सॉफ्टवेअर विभागाच्या संगणकावरून तुमची आधीच भरलेली माहिती ओढून आणतं: नाव-पत्ता, बँकेचं व्याज, कापलेला टीडीएस. हेच काम विभागाच्या स्वतःच्या पोर्टलवर फुकटात होतं. खाजगी सॉफ्टवेअर पैसे घेतं ते सोप्या प्रश्नांचे आणि मदतीचे. पोर्टलचा पासवर्ड मात्र कुणाच्याही हाती देऊ नका, ओटीपीची वाट त्यासाठीच आहे.

ओढून आणलेल्या माहितीचा मोठा भाग ‘एआयएस’ या वार्षिक माहिती विवरणातून येतो. नोव्हेंबर २०२१ पासून ते करदात्याला पोर्टलवर दिसतं. चालू खात्यात वर्षभरात ५० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली किंवा काढली, तर बँक ते विभागाला कळवते आणि ती रक्कम इथे उमटते. अडतियाच्या बाबतीत हे हटकून होतं, कारण शेतकऱ्याला माल विकल्या दिवशी रोख हवी असते. वर्षात १ कोटीवर रोख काढली तर बँक कलम १९४एन खाली टीडीएस कापते. पण बाजार समितीत नोंदलेल्या अडतियांना आणि व्यापाऱ्यांना शेतकऱ्यांना देण्याच्या रकमेपुरती २० सप्टेंबर २०१९ च्या अधिसूचनेने सूट दिली आहे. बँकेला तसं लेखी दिलेलं नसेल तर कापणी होऊन बसते. ती झालीच, तर टीडीएसच्या तक्त्यात दाखवून परत मागता येते.

खरा घोळ यापुढे होतो. खात्यातून कोटींनी पैसे गेले म्हणजे उलाढाल तेवढी, असं वाटतं आणि तोच आकडा सॉफ्टवेअरच्या चौकटीत टाकला जातो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १७ मार्च १९८६ च्या ४५२ क्रमांकाच्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. जो अडतिया फक्त मालकाच्या वतीने माल विकतो, म्हणजे कच्चा अडतिया, त्याची उलाढाल म्हणजे त्याला मिळालेली अडत, मालाची पूर्ण किंमत नव्हे. जो स्वतःच्या जबाबदारीवर सौदा करतो, त्या पक्क्या अडतियाची मात्र सगळी विक्री उलाढालीत धरतात. तुम्ही यातले कोण, हे पट्टीवरून आणि वहीवरून ठरतं. सॉफ्टवेअरला ते कळायला मार्ग नाही.

पुढचा प्रश्न धंद्याच्या प्रकाराचा. इथे एक सोपी वाट दिसते: कलम ४४एडी. उलाढाल २ कोटींपर्यंत (रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत) असली की तिच्या ८ टक्के, बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरायचा आणि ‘सुगम’ म्हणजे आयटीआर-४ भरून मोकळं व्हायचं. किराणा दुकानदाराला ही वाट उघडी आहे. पण याच कलमात लिहिलं आहे की कमिशन किंवा दलालीचं उत्पन्न असणाऱ्याला आणि एजन्सीचा धंदा करणाऱ्याला ते लागू नाही. म्हणजे अडतियाने आयटीआर-३ भरायचा. धंद्याच्या यादीतून ‘धान्याचा घाऊक व्यापार’ निवडला तर सॉफ्टवेअर निमूट आयटीआर-४ पुढे करील, कारण त्याला तुमच्या उत्तराखेरीज दुसरा आधार नाही.

समजा, २०२५-२६ मध्ये एकाला ९ लाख अडत मिळाली. गाळ्याचं भाडं, मुनीमाचा पगार, वीज, फोन मिळून ३ लाख ६० हजार खर्च. उरले ५ लाख ४० हजार. चुकीच्या वाटेने ६ टक्के धरले तर उत्पन्न दिसेल फक्त ५४ हजार. नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, वरच्या १ लाख ४० हजारांवर ५ टक्क्यांनी ७ हजार होतात, आणि उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने ८७ए च्या सवलतीत तेही माफ. म्हणजे खरं लिहूनही कर शून्यच. खोट्या आकड्याने एक रुपया वाचत नाही. उलट गाळ्यासाठी किंवा गाडीसाठी कर्ज मागायला गेलात, की बँक ५४ हजारांचं रिटर्न बघून तोंड फिरवते.

आयटीआर-३ ला नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद लागतो, म्हणून लोक त्याला घाबरतात. पण धंद्याचं उत्पन्न अडीच लाखांवर गेलं की हिशेबाच्या वह्या ठेवणं तसंही बंधनकारक आहे. याच फॉर्ममध्ये हिशेबाची पद्धत विचारतात. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात. मार्चअखेर सौदा झाला, अडत एप्रिलमध्ये हातात पडली, तर व्यापारी पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्याची ती अडत मार्चचीच.

काटोल-नरखेडकडे स्वतःची बाग असेल तर तेही लिहायचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, तरी ५ हजारांवर गेलं की आयटीआर-१ आणि आयटीआर-४ दोन्ही बाद. इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर कराचा दर ठरवायला सॉफ्टवेअर शेतीचं उत्पन्न त्यात मिळवून बघतं. ५ लाखांवर असेल तर जमिनीचा जिल्हा, क्षेत्र, ओलिताची की कोरडवाहू, हे विचारतं. जुनी करपद्धत हवी असेल तर धंदेवाल्याने मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो.

शेवटी सॉफ्टवेअर सगळे आकडे विभागाच्या नियमांवर ताडून बघतं, चुका लाल दाखवतं आणि जेसन नावाची फाईल तयार करून पाठवतं. पोचपावती येते. इथेच काम संपलं असं समजून अनेक जण उठतात. पण ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करावी लागते. त्यानंतर केली, तर पडताळणीचा दिवस हाच रिटर्न भरल्याचा दिवस धरतात, आणि मुदत गेलेली असेल तर ५ हजार रुपये, एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १ हजार रुपये शुल्क लागतं. तेव्हा पोचपावती आली, तरी ओटीपी टाकल्याशिवाय खुर्ची सोडू नका.