प्रवासाचा विमा : काढावा की न काढावा?

गाळप संपले, शेवटचे बिल खात्यावर पडले, की आपल्या सभासदांची पावले घराबाहेर पडू लागतात. कोणी काशी-रामेश्वर करतो, कोणी लेकीकडे जातो, कोणी घाट उतरून मुलाकडे. आपल्या भागातली बरीच मुले खोपोली, खालापूर, पाताळगंगा, रसायनी या पट्ट्यातल्या कंपन्यांतून नोकरीला आहेत. त्यामुळे बोरघाट आणि कर्जतची रेल्वे आता आपल्याला परकी राहिलेली नाही. या जाण्यायेण्यात विम्याचा प्रश्न हल्ली वारंवार निघतो, म्हणून या अंकात त्याविषयी लिहीत आहोत.

विषय काढला तो आमच्या एका जुन्या सभासदाने. गाव त्यांना अण्णा म्हणते. अण्णा आणि वहिनी जुलै २०१९ मध्ये थोरल्याकडे रसायनीला राहून, मुंबईत डोळे दाखवून, २६ तारखेच्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने परत निघाले. पुढचे बहुतेकांना आठवत असेल. बदलापूर ते वांगणी दरम्यान उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले आणि गाडी जागच्या जागी अडकली. २७ तारखेला आपत्ती दलाने रबरी बोटी आणून सुमारे १,०५० प्रवासी बाहेर काढले. नौदल, रेल्वेची माणसे आणि आसपासचे गावकरी मदतीला होते. जीव एकही गेला नाही, ही मोठी गोष्ट. पण अण्णांची एक बॅग आणि वहिनींचा औषधांचा डबा त्या गडबडीत राहिला तो राहिलाच.

तिकीट मुलाने मोबाइलवर काढलेले, त्यात विम्याच्या चौकोनात खूण केलेली. अण्णांनी बॅगेचे आणि खोळंब्याचे पैसे मागितले. उत्तर आले, 'देय नाही.' तेव्हापासून अण्णांचे मत पक्के झाले. "घेताना गोड बोलत्यात, द्यायची वेळ आली की कलमं काढत्यात. मग काढायचाच कशाला?"

आम्ही त्यांचा कागद मागवून वाचला. अण्णांना वाईट वाटेल, पण खरे ते सांगितले पाहिजे : इथे विमा कंपनीने शब्द फिरवला नव्हता. तो शब्द मुळात दिलेलाच नव्हता. रेल्वेच्या संकेतस्थळावरून तिकीट काढताना मिळणारा हा विमा सप्टेंबर २०१६ पासून आहे. माणशी हप्ता पन्नास पैशांच्याही आत. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास साडेसात लाख आणि दवाखान्याच्या खर्चाला २ लाखांपर्यंत मिळतात. बॅग हरवणे, गाडी अडकणे, पुढची गाडी चुकणे यांतले काहीही त्यात नाही. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि आपण प्रवासच सोडून दिला, तर भाडे परत मिळते, पण ते रेल्वेकडून. त्याचा विम्याशी संबंध नाही.

अर्ध्या रुपयात १० लाखांची हमी कोणी देतो तेव्हा ती फक्त दुर्मिळ गोष्टीची असणार, एवढा हिशोब तर वजनकाट्यावर उभा राहणारा कोणीही करील. आमच्या मते हा विमा घ्यावा. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. तिकीट निघाल्यावर मोबाइलवर वारसाचे नाव भरण्याचा निरोप येतो. तो बहुतेक जण न वाचता पुसून टाकतात. तसे करू नये. दुसरे, हा विमा खिडकीवरच्या तिकिटाला मिळत नाही आणि प्रतीक्षा यादीतल्या तिकिटालाही लागू होत नाही.

विमा नसला म्हणजे सगळेच गेले असेही नाही. रेल्वे अपघातात किंवा चालत्या गाडीतून पडून प्रवासी दगावला, तर कायद्याने रेल्वेला भरपाई द्यावीच लागते. १ जानेवारी २०१७ पासून ती रक्कम ८ लाख आहे. ती खिडकीच्या तिकिटालाही आहे. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायचा. गाडीत चढता-उतरताना पडला म्हणजे 'त्याचाच हलगर्जीपणा' असे म्हणून दावा उडवता येणार नाही, आणि प्रेताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो प्रवासीच नव्हता असेही ठरवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये सांगितले आहे. मात्र गाडीत हृदयविकाराचा झटका आला तर तो अपघात नव्हे, आजार होय. 'प्रवासात मरण आले' आणि 'अपघाताने मरण आले' यांतला हा फरक लोकांना ठाऊक नसतो, आणि बरेचसे दावे इथेच अडतात.

आता रस्त्याकडे वळू. जुलै २०२४ मध्ये आषाढीच्या तोंडावर डोंबिवलीहून पंढरपूरला निघालेली वारकऱ्यांची बस द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ एका ट्रॅक्टरवर आदळून खाली गेली. पाच जण दगावले. ट्रॅक्टरला त्या मार्गावर मुळात बंदी आहे. या बातमीने आम्हाला आपल्याच घरची आठवण झाली. हंगाम संपला की तीच ऊस वाहणारी ट्रॉली धुऊन, वर ताडपत्री बांधून, चाळीस माणसे जत्रेला नेण्याची आपल्याकडे रीत आहे. ट्रॅक्टरचा विमा भरलेला आहे, म्हणून मालक निर्धास्त असतो. पण मालवाहू वाहनात फुकट बसवून नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच ठरवून दिले आहे. म्हणजे ट्रॉली उलटली तर भरपाई मालकाच्या उरावर बसते. पुढचा प्रश्न त्याच्या जमिनीचा होतो. कंपनीने इथे नाही म्हटले तर ते कलमावर बोट ठेवूनच असेल. सबब जत्रेला एस.टी. ठरवावी. खासगी गाडी केली तर प्रवासी वाहतुकीचा परवाना आणि चालू विमा हे दोन कागद निघण्याआधी डोळ्यांनी पाहावेत. अपघात झालाच तर पंचनाम्याची नक्कल घ्यावी आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज घालावा.

देशातल्या प्रवासासाठी आणखी दोन आधार आहेत. आपले सभासद ते असून नसल्यासारखे ठेवतात. पहिला म्हणजे बँकेतला वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वय १८ ते ७० आणि अपघाती मृत्यूस २ लाख. हप्ता मे अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. त्या वेळी खात्यात २० रुपये नसतील तर विमा बंद पडतो. उसाचे बिल एका खात्यावर आणि विमा दुसऱ्याच रिकाम्या खात्यावर, अशी उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत.

दुसरा आधार गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा. ही गोष्ट अण्णांच्या बाजूची आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. २००५-०६ पासून ही योजना सरकार विमा कंपन्यांमार्फत चालवीत असे. कंपन्या दावे वेळेवर निकाली काढीत नाहीत, नको त्या त्रुटी काढून नाकारतात, अशा तक्रारी इतक्या झाल्या की २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांनाच बाजूला केले आणि अनुदान थेट स्वतः देण्याचे ठरवले. म्हणजे अण्णांचा राग अगदीच हवेतला नाही, सरकारचाही अनुभव तोच होता. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातील एक जण, वय १० ते ७५, अपघाती मृत्यूस २ लाख. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा. दुखवट्यात हे दिवस कसे निघून जातात ते कळत नाही, म्हणून भावकीतल्या एखाद्याने ते काम अंगावर घ्यावे.

परदेशची गोष्ट मात्र सर्वस्वी निराळी. युरोपातल्या बहुतेक देशांचा व्हिसा किमान ३० हजार युरोंच्या प्रवास विम्याशिवाय मिळतच नाही. अमेरिकेत तशी सक्ती नाही, पण तिथल्या दवाखान्याचे बिल आपल्या दोन-चार हंगामांच्या उसाला पुरून उरेल. आपला इथला आरोग्य विमा बहुधा तिथे चालत नाही. तेव्हा विमा काढावा की नाही हा प्रश्न तिथे नाहीच. तो नाकारला जाणार नाही असा कसा काढावा, एवढेच पाहायचे.

यावर एक निकाल सभासदांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००९ साली एक गृहस्थ नात्यातल्या लग्नाला अमेरिकेस निघाले. त्यांनी प्रवासाचा विमा काढला आणि अर्जात मधुमेह असल्याचे लिहिले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरच त्यांना घाम फुटून अशक्तपणा आला. दवाखान्यात नेल्यावर हृदयाच्या रक्तवाहिन्यांत तीन स्टेंट बसवावे लागले. कंपनीने दावा नाकारला. कारण असे, की ते चरबी कमी करण्याची गोळी घेत होते आणि तो आजार त्यांनी लपवला. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही ते हरले. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. विमेदाराने सांगितलेला आजार पाहून, तपासून कंपनीने एकदा विमापत्र दिले, की मग त्याच आजाराकडे बोट दाखवून दावा नाकारता येणार नाही, असा त्याचा अर्थ. त्यांना वाचवले ते अर्जात लिहिलेल्या 'मधुमेह' या शब्दाने. तरीसुद्धा बारा वर्षे गेली, हेही खरे.

दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीकडेच लेखी तक्रार द्यावी. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. त्याची कार्यालये मुंबईत व पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचा नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत जायला हवे, एवढी अट आहे.

आता अण्णांविषयी. त्यांची धाकटी लेक अमेरिकेत असते आणि दोघांना पुढच्या महिन्यात तिकडे जायचे आहे. अण्णांना साखर, वहिनींना रक्तदाब. विमा एजंट गट ऑफिसात येऊन बसला आणि म्हणाला, "काका, नुसती सही करा, बाकीचं मी भरतो. साखर-बिखर लिहिली तर हप्ता वाढेल." आम्ही अर्ज त्याच्या हातातून घेतला आणि वहिनींना औषधांची पिशवी आणायला सांगितले. पाच गोळ्या निघाल्या. पाचही नावे डोससकट अर्जात लिहिली, भरलेल्या अर्जाची झेरॉक्स काढली, मगच अण्णांनी सही केली. हप्ता वाढला. त्यावरून अण्णा दोन दिवस आमच्याशी नीट बोलले नाहीत. हा अंक छापायला जाताना त्यांचे विमापत्र आले आहे. त्यात जुने आजार कोणत्या मर्यादेपर्यंत धरले आहेत ते कलम आम्ही त्यांना वाचून दाखवले, आणि त्याखाली वहिनींनी पेनने रेघ मारून ठेवली आहे.