जहाल, मवाळ आणि कडवे : मोजपट्टी कोणाच्या हातात?

रत्नागिरी जिल्ह्याने महाराष्ट्राच्या राजकारणाला दोन शब्दांचे दोन धनी दिले. जहाल म्हणून गाजलेले बाळ गंगाधर टिळक १८५६ साली रत्नागिरी शहरात जन्मले, तर मवाळ म्हणून ओळखले गेलेले गोपाळ कृष्ण गोखले १८६६ साली गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला. १९०७ साली सुरतेत काँग्रेस फुटली. एका बाजूला जहाल, दुसऱ्या बाजूला मवाळ. ही जोडी आपण सर्वांनीच शाळेत पाठ केली आहे. जहाल म्हणजे तेजस्वी आणि मवाळ म्हणजे मिळमिळीत, असा अर्थही पोरांच्या डोक्यात आपोआप बसतो. पण याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, आंबडवे नावाचे गाव आहे. ते बाबासाहेबांचे मूळ गाव. आंबडव्याच्या महारवाड्यात उभे राहून पाहिले तर या दोन शब्दांचा अर्थ काय होतो? हा प्रश्न शाळेच्या पुस्तकात नाही.

तो आपण विचारू. १८९१ साली मुलीचे संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा आला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत टिळक अग्रभागी होते. १८९५ साली पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनात सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप वापरू देऊ नये म्हणून रान उठवणाऱ्या पक्षाचे पुढारीही तेच. मार्च १९१८ मध्ये मुंबईला अस्पृश्यता निवारण परिषद भरली. देव अस्पृश्यता मानत असेल तर त्याला मी देव मानणार नाही, अशा आशयाचे टाळ्यांचे भाषण टिळकांनी केले. पण अस्पृश्यता स्वतः पाळणार नाही या जाहीरनाम्यावर सही मात्र केली नाही. उलट मवाळ गोखल्यांनी १९०३ सालीच धारवाडच्या सामाजिक परिषदेत अस्पृश्यांच्या उन्नतीचा ठराव मांडला होता. टिळकांनी १९०८ नंतर मंडालेत भोगलेला तुरुंगवास कोणी नाकारत नाही. प्रश्न शब्दाचा आहे. इंग्रजांपुढे जहाल असलेला माणूस जातिव्यवस्थेपुढे मवाळ असू शकतो. म्हणून कोणी जहाल म्हटले की पहिला सवाल हा : कोणत्या प्रश्नावर?

जहाल, कडवे, कट्टर, अतिरेकी हे सगळे अंतर सांगणारे शब्द आहेत. अतिरेक म्हणजे मर्यादा ओलांडणे. पण मर्यादेची रेघ कोण आखतो? ज्याच्या हातात मोजपट्टी, त्याच्या पायाखाली शून्याचा आकडा! तो उभा राहील ती जागा मध्य, बाकीचे सारे टोकाचे.

महाडचेच पाहा. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळाने बोले ठराव मंजूर केला, महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. कायद्याने दिलेला हक्क, शांतपणे बजावलेला. तरी त्याच दिवशी परतणाऱ्या आपल्या माणसांना लाठ्याकाठ्यांनी मारले गेले. ज्यांनी ओंजळभर पाणी घेतले ते मर्यादा सोडलेले ठरले आणि ज्यांनी डोकी फोडली ते धर्मरक्षक! पुढे १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षांत तळे तेच होते, पाणी तेच होते, मोजपट्टी बदलली.

रत्नागिरीचाच आणखी एक दाखला. वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात तिथे स्थानबद्ध होते. सरकारच्या दप्तरी ते धोकादायक क्रांतिकारक होते. १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी बांधलेले पतितपावन मंदिर सर्व जातींना खुले झाले, तेव्हा सनातन्यांच्या लेखी ते धर्म बुडवणारे ठरले. आणि भारत ज्याची पितृभू व पुण्यभू तोच हिंदू, ही १९२३ च्या ग्रंथातली त्यांची व्याख्या ज्या मुसलमान-ख्रिस्त्यांना कुंपणाबाहेर ठेवते, त्यांच्या दृष्टीने ते कडवे. माणूस एक, गाव एक, शब्द तीन. याच ‘हिंदुत्व’ शब्दाला सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ‘जीवनपद्धती’ म्हटले. ग्रंथातला शब्द एक सांगतो, निकालपत्रातला दुसरे. मतदाराच्या कानावर मात्र दोन्ही एकाच उच्चारात पडतात.

जगातही हेच घडत आले आहे. ‘टेरर’ हा शब्द राजकारणात रूढ झाला तो १७९३-९४ च्या फ्रेंच राजवटीमुळे. म्हणजे आरंभी दहशत करणारे सरकारच होते. ‘फंडामेंटॅलिस्ट’, म्हणजे आपला मूलतत्त्ववादी, हे बिरुद १९२० साली अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांनी स्वतःलाच अभिमानाने लावले होते. आता ती शिवी झाली, आणि ती बहुधा दुसऱ्याच्याच धर्मासाठी राखून ठेवलेली असते.

हा नुसता शब्दकोशाचा खेळ असता तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मारणारा तो ‘जमाव’, ते ‘गावकरी’. महाराष्ट्रभर आंबेडकरी जनता रस्त्यावर उतरली, तेव्हा मात्र तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांना त्यामागे नक्षलवाद्यांचा हात दिसला. नक्षलबाडी हे बंगालमधले खेडे. १९६७ च्या उठावाने त्याचे नाव एका सशस्त्र मार्गाला मिळाले. ते नाव शोक करणाऱ्यांच्या कपाळावर इतक्या सहज कसे चिकटते? कनिष्ठ न्यायालयाने २००८ साली आरोपींना शिक्षा दिली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. म्हणजे निषेधाला विचारसरणी चिकटवली गेली आणि हत्येतली जात पुसली गेली.

२०१८ नंतर ‘शहरी नक्षल’ हा शब्द आला. बाबासाहेबांचे नातजावई डॉ. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्याच दिवशी, अटक झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन देताना दहशतवादी कृत्याचा प्रथमदर्शनी पुरावा दिसत नसल्याचे म्हटले. तोवर अडीच वर्षे तुरुंगात गेली होती. शब्द एका क्षणात लागतो. तो काढायला वर्षे लागतात.

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यातले शब्द आहेत ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या’ संघटना. सरकार म्हणते, हे माओवाद्यांच्या आघाडीच्या संघटनांसाठी आहे, सामान्य आंदोलकाला भीती नाही. बंदुकीच्या राजकारणाला आळा घालायला कोणाचीच हरकत नसावी. पण विचारसरणी ‘कडवी’ कुठून होते? मिरची तिखट की जहाल हे खाणाऱ्याच्या जिभेवर ठरते. माणसाचे स्वातंत्र्य कोणाच्या जिभेवर सोडता येत नाही. कायद्याने कृत्य मोजावे, चव मोजू नये.

मग आपली मोजपट्टी कोणती? तथागतांनी सारनाथच्या पहिल्या प्रवचनात दोन अंत टाळायला सांगितले : भोगविलास आणि देहदंड. त्यामधला मार्ग तो मध्यम मार्ग. पण न्याय आणि अन्याय यांच्या मधोमध उभे राहा, असे त्यांनी कुठेही सांगितलेले नाही. गावात पाणवठा एकच असावा म्हणणारा आणि दोन असावेत म्हणणारा, यांच्यामध्ये दीड पाणवठ्याचा मध्यम मार्ग नसतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडून घटनात्मक मार्ग धरायला सांगितले. साध्य समतेचे आणि साधन घटनेचे, ही आपली पट्टी. या पट्टीवर जातीचा समूळ अंत मागणारा टोकाचा ठरत नाही. जातीसाठी काठी उचलणारा ठरतो.

हीच पट्टी स्वतःलाही लावली पाहिजे. रिक्षांच्या पाठीवर, मोटारसायकलींवर, बॅनरवर ‘कट्टर’ हा शब्द आपलेही तरुण मिरवू लागले आहेत. भावना समजते, पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. कालाम लोकांना तथागतांनी सांगितले, परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून मानू नका, तपासून घ्या. जो तपासतो तो ठाम असू शकतो, निष्ठावान असू शकतो. कट्टर मात्र तपासणेच बंद करतो. प्रतिपक्षाचे विशेषण उसने घेऊन आपली चळवळ मोठी होणार नाही.

तेव्हा उद्या सकाळी वर्तमानपत्रात कोणाच्या नावामागे ‘अतिरेकी’, ‘कडवे’ किंवा ‘शहरी नक्षल’ छापून आले, तर पुढची ओळ वाचण्याआधी विचारा : कोणत्या प्रश्नावर? कोणी आखलेल्या रेघेपलीकडे? आणि त्या माणसाच्या हातात काय होते, हत्यार की निवेदन?