जानव्याचा निवाडा आणि स्कोलास्टिक पंडितांचे प्रामाण्य

गोव्यात १६१९ साली आर्चबिशप ख्रिस्तोव्हाँव द सा यांनी भरवलेल्या धर्मपंडितांच्या परिषदेपुढे आलेला वाद वरवर पाहता जानवे, शेंडी आणि गंध या तीन गोष्टींचा होता. प्रत्यक्षात कॅथलिक शिकवणुकीत पंडिताचा शब्द कुठवर चालतो, हेच तिथे पणाला लागले. १६०५ मध्ये गोव्यात उतरून पुढे मदुरैस गेलेले इटालियन जेझुइट रॉबर्ट द नोबिली यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मणांना ही चिन्हे ठेवू दिली होती आणि त्यावरून त्यांचेच सहकारी बिथरले होते. एखाद्या मंगल कार्यालयात आज मुंज लागते तेव्हा जानवे हा धर्म की कुलाचार, असे कोणी विचारत नाही. त्या परिषदेला मात्र हाच प्रश्न सोडवायचा होता.

स्कोलास्टिक म्हणजे मध्ययुगीन युरोपच्या विद्यापीठांत घडलेली, आक्षेप आधी नोंदवून मग उत्तर देणारी विचारपद्धती. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्षाला सरावलेल्या मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. तेराव्या शतकातील थॉमस अ‍ॅक्वायनास हे तिचे शिखर, पण पंडितांच्या शिकवणीला प्रामाण्य चर्चकडूनच येते, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. स्पॅनिश डॉमिनिकन मेल्चोर कानो यांच्या १५६३ साली मरणोत्तर छापलेल्या ग्रंथात प्रमाणांची दहा स्थाने सांगितली असून, बायबल, परंपरा, चर्च, धर्मपरिषदा, रोमचे पीठ आणि प्राचीन आचार्य यांच्यानंतर स्कोलास्टिक पंडितांना सातवे स्थान मिळते. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ रोजच्या व्यवहारात कितीही उघडला गेला, तरी श्रुतीविरुद्ध त्याचे वचन टिकत नाही, तसेच काहीसे हे आहे.

नोबिलींनी पंडितांचेच शस्त्र उचलले. कृतीचे नैतिक स्वरूप तिचा विषय आणि हेतू यांवरून ठरते, हे थॉमसप्रणीत विवेचन हाती धरून त्यांनी जानवे हे उपासनेचे नव्हे, तर कुळाचे आणि विद्येचे चिन्ह आहे, असा युक्तिवाद केला. त्यासाठी १६१३ च्या लेखनात मनुस्मृतीचीही साक्ष काढली होती. जानव्यामागचा मंत्रसंस्कार पाहता हा भेद जरा सोयीचाच वाटतो, पण तो तर्कदुष्ट नव्हता. गोव्यातील बहुमत तरीही विरोधात गेले. क्रांगानूरचे आर्चबिशप फ्रान्सिस्को रोझ आणि एक इन्क्विझिटर (चर्चचा धर्मन्यायाधीश) तेवढे नोबिलींच्या बाजूने उभे राहिले.

केवळ डोकी मोजून निकाल लागत असता, तर प्रकरण तिथेच मिटले असते. ते लिस्बनमार्गे रोमला गेले आणि तिथे आर्माचे आयरिश आर्चबिशप पीटर लोम्बार्ड यांनी नोबिलींना अनुकूल मत दिले. (स्कोलास्टिकांचे पाठ्यपुस्तक रचणाऱ्या बाराव्या शतकातील पंडिताचेही नाव हेच, हा निव्वळ योगायोग.) तेही मतच होते, निर्णय झाला तो पोप पंधरावे ग्रेगरी यांच्या ३१ जानेवारी १६२३ च्या फर्मानाने.

म्हणून पंडितांचे मत कवडीमोल ठरले असे नव्हे. पुढे १८६३ मध्ये पोप नववे पायस यांनी सर्व कॅथलिक पंडितांच्या एकमुखी आणि सातत्यपूर्ण सहमतीला मोठे वजन दिले, तर १८७९ मध्ये तेरावे लिओ यांनी थॉमसच्या अध्ययनाचा जोरदार पुरस्कार केला.

ग्रेगरींच्या त्या फर्मानाने मात्र नोबिलींनाही मोकळे रान दिले नाही. ही चिन्हे ठेवण्याची परवानगी मिळाली, पण ती पुढील निर्णयापर्यंतची होती. जानवे मंत्रांनी नव्हे, तर पवित्र पाणी शिंपडून, ख्रिस्ती प्रार्थनेसह, कॅथलिक धर्मगुरूच्या हातून घ्यायचे होते.