सेवेचा ताळेबंद: तंजावर, पाढर, औसा

औसा म्हटले की लातूरकरांना भुईकोट किल्ला आठवतो आणि वारकऱ्यांना औसेकर महाराजांचे चक्रीभजन. पण या तालुक्याचे नाव जगभर गेले ते किल्लारीमुळे. 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती बोळवून गावे निजली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली आणि किल्लारी, तळणी, मंगरूळ, गुबाळ, नांदुर्गा, मोगरगा, एकोंडी ही औसा तालुक्यातली गावे आणि तेरणेपलीकडची सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी मातीला मिळाली. सरकारी हिशेबाने आठेक हजार माणसे गेली; इतर अंदाज दहा हजारांच्या घरात जातात.

पुढच्या आठवड्यात या भागात सेवेचा पूर आला. संघाची जनकल्याण समिती आली, राष्ट्र सेवा दल आले, भारतीय जैन संघटना आणि ज्ञान प्रबोधिनी आली, कॅथलिकांची कॅरिटास आली. त्यांच्यात ‘कासा’ ही संस्थाही होती. फाळणीतल्या निर्वासितांना मदत करायला 1947 साली देशातल्या प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांनी मिळून उभारलेली ही यंत्रणा. तिच्या चोवीस घटक चर्चांमध्ये लूथरन मंडळ्याही आहेत. म्हणजे लूथरन मंडळीचा हात औसा तालुक्याला लागला तो असा, दहा जणांच्या हातात मिसळून, स्वतःच्या नावाचा फलक न लावता.

मराठी वाचकाला लूथरन हे नाव तसे अनोळखीच. आपल्याकडचे प्रोटेस्टंट ख्रिस्ती जीवन घडवले ते नगरच्या अमेरिकन मराठी मिशनने, जालन्याच्या स्कॉटिश मिशनने आणि मेथडिस्टांनी. रेव्हरंड टिळक मराठी मिशनचे, नारायण शेषाद्री स्कॉटिश मिशनचे. लूथरन मंडळ्यांचा पसारा आंध्र, तमिळनाडू, झारखंड आणि मध्य प्रदेशात. तरीही मराठी माणसाचा या सेवेशी संबंध आला, आणि तोही थेट राजघराण्यापासून. त्या संबंधाचा हा आढावा. धर्मादाय कामाचे मोजमाप आपण सहसा वाटलेल्या ताटांवर आणि बांधलेल्या खोल्यांवर करतो. ज्यांनी मदत घेतली त्यांच्यातून मदत करणारे किती निघाले, हा आकडा कुठल्याच अहवालात नसतो. या लेखापुरती कसोटी तीच धरली आहे.

चार कुलुपांची पेटी

मार्टिन लूथरने 1517 साली पोपशी वाद मांडला, हे शाळेच्या पुस्तकात असते. त्यानंतर सहा वर्षांनी जर्मनीतल्या लाइसनिग या छोट्या गावाने त्याच्या सल्ल्याने काय केले, ते पुस्तकात नसते. 1523 साली तिथल्या मंडळीने सामाईक पेटीचा नियम केला. चर्चचे उत्पन्न, देणग्या, मृत्युपत्रांतून आलेला पैसा, सारे त्या पेटीत. त्यातून पाळकाचा पगार, शाळा, म्हाताऱ्यांचे पोषण, अनाथांचा सांभाळ आणि अडलेल्या कारागिराला उसनवारी. कारभारी दहा: दोन सरदार घराण्यांतले, दोन नगरसभेचे, तीन गावकरी आणि तीन आसपासच्या खेड्यांतले शेतकरी. पेटीला चार कुलपे आणि प्रत्येक गटाकडे एकेक किल्ली. म्हणजे शेतकऱ्यांचा माणूस आल्याशिवाय सरदारालाही पेटी उघडता येत नसे.

ही व्यवस्था प्रत्यक्षात फार काळ नीट चालली नाही, कारण नगरसभेला पैशावरचा ताबा सोडवेना. पण कल्पना टिकली: दान ही धन्याची मेहेरबानी नाही, तो मंडळीचा हिशेब आहे. तिच्यातूनच पुढे फ्रांके या पाळकाने जर्मनीतल्या हाले गावी 1695 पासून गरीब मुलांची शाळा आणि मागोमाग अनाथालय काढले. कैसरस्वर्थला फ्लीडनर पाळकाने 1836 साली सेविकांचे रुग्णालय सुरू केले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1851 साली शुश्रूषा शिकायला तिथेच गेली होती. आणि हालेच्या याच परंपरेतून भारतात लूथरन प्रचारक आले. पहिला झीगेनबाल्ग, 1706 साली तरंगमबाडीला उतरलेला. तिथून तंजावरचे मराठी राज्य हाकेच्या अंतरावर होते.

तंजावर: पाद्री आणि पोरका राजपुत्र

क्रिस्टियन फ्रीडरिश श्वार्ट्झ हा लूथरन पाद्री 1750 साली भारतात आला तो परत गेलाच नाही. हैदरअलीच्या स्वारीत, 1780 नंतर, तंजावर मुलूख उजाड झाला आणि किल्ल्यातल्या फौजेची उपासमार सुरू झाली. धान्य खेड्यांत होते, पण शेतकरी ते बाहेर काढेनात, कारण सरकारी माणसे माल उचलतात आणि पैसे देत नाहीत हा त्यांचा अनुभव होता. शेवटी तंजावरच्या तुळजाजीराजांनी पाद्र्याला गळ घातली. त्याने लोकांना निरोप धाडले की पैशाला जामीन मी. दोनतीन दिवसांत हजाराहून अधिक बैल जमले आणि किल्ल्यात ऐंशी हजार कलम (तिकडचे धान्याचे माप) धान्य येऊन पडले. मग त्याने शब्दाप्रमाणे एकेकाचे पैसे चुकते केले. फौज होती, राजा होता, कंपनी सरकार होते. पत मात्र एका परदेशी ब्रह्मचारी पाद्र्याची होती.

तुळजाजी 1787 साली वारले. जाण्यापूर्वी त्यांनी दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि त्याला श्वार्ट्झच्या हवाली केले. गादीवर बसलेल्या अमरसिंगाने या मुलाला जवळपास कोंडून ठेवले, त्याचे शिक्षण थांबवले. श्वार्ट्झने मद्रासच्या कंपनी सरकारकडे तक्रारी लावून धरल्या आणि 1793 साली मुलाला मद्रासला हलवले. 1798 च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ गेला. त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजीराजे गादीवर आले. कंपनीने 1799 च्या तहाने राज्याचा कारभार काढून घेतला. राजाच्या हाती उरले किल्ला, तनखा आणि अन्नछत्रे.

या उरलेल्या गोष्टींत सरफोजीराजांनी काय केले, हे मराठी माणसाने वाचण्यासारखे आहे. कंपनी छत्रांचे उत्पन्नही घेऊ पाहत होती. तेव्हा 1801 साली त्यांनी रेसिडेंटला पत्र घालून छत्रांत काय चालते याचा तपशील दिला. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूला शिजवलेले अन्न, तान्ह्या मुलांना दूध, आजाऱ्याला वैद्य, अडलेल्या बाईचे बाळंतपण, आणि वाटेत कोणी मेला तर त्याचे क्रियाकर्म. छत्रे वाचली. पुढच्याच वर्षी ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. दरबारच्या छापखान्यात ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापले गेले, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग झाले, आणि गरीब ख्रिस्ती मुलांच्या पोटापाण्याची व शाळेचीही राजाने तजवीज केली.

राजा ख्रिस्ती झाला नाही. तो शैव होता, शैवच राहिला. गुरूचे स्मारक मात्र त्याने लंडनच्या फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून करवून घेतले. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. पाद्र्याच्या हिशेबाने पाहिले तर एक आत्मा हातचा गेला. आपल्या कसोटीने पाहिले तर एका पोरक्या मुलाला दिलेला आधार हजारोंच्या पंगतीत उतरला.

पाढर: संशयाच्या छायेतले रुग्णालय

दुसरे ठिकाण अमरावतीला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यातले. मुलताई, पांढुर्णा, सौसर या पट्ट्यात बाजारात अजूनही मराठी ऐकू येते. छिंदवाडा-बैतूल-सागर भागात स्वीडिश लूथरन मिशन 1877 पासून आहे. या प्रदेशाची राजधानी नागपूर असताना, 1954 साली, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला भवानीशंकर नियोगी समिती नेमली गेली. 1956 च्या तिच्या अहवालाने परदेशी पैसा आणि धर्मांतर यांवर बोट ठेवले. त्या अहवालावर आजही दोन तट आहेत. पण एक गोष्ट कबूल करावी लागते: औषधाच्या बाटलीसोबत बाप्तिस्मा येतो का, हा प्रश्न गरीब रुग्णाच्या बाजूने विचारला गेला पाहिजे होता. पोटाची भूक आणि मुलाचा ताप यांच्या बदल्यात कोणाचाही देव मागू नये.

पाढरचे रुग्णालय उभे राहिले ते या वादळानंतर दोनच वर्षांनी, 1958 च्या सुमारास, डॉ. क्लेमेंट मॉस यांच्या हातून. नागपूर-भोपाळ महामार्गावरच्या या गावाभोवती गोंड आणि कोरकू वस्ती. रुग्णालय मध्य प्रदेशातल्या लूथरन चर्चचे. तिथे परिचर्या महाविद्यालयही आहे.

2011 साली इथे एका मजूर जोडप्याच्या पोटी छाती-पोटाशी जोडलेल्या जुळ्या मुली जन्मल्या. त्यांना घरी नेणे आईबापांच्या ताकदीबाहेरचे होते. मुली रुग्णालयातच राहिल्या. परिचारिकांनी त्यांना भरवले, न्हाऊमाखू घातले, पाळीपाळीने रात्री जागवल्या. वर्षभराने, जून 2012 मध्ये, देशातून आणि ऑस्ट्रेलियातून स्वखुशीने आलेल्या डॉक्टरांनी बारा तास शस्त्रक्रिया करून त्यांना वेगळे केले. दोघींपैकी एक पुढे काही दिवसांतच गेली, दुसरी जगली. वर्तमानपत्रांनी शस्त्रक्रियेचे कौतुक केले ते योग्यच. पण शस्त्रक्रियेचा दिवस एक, आणि त्याआधीचे दुपटी बदलण्याचे दिवस जवळपास वर्षभराचे. स्वयंसेवेचा खरा भार त्या दिवसांवर असतो, आणि त्याची बातमी होत नाही.

औसा: ट्रक गेल्यावर

आता पुन्हा औसा तालुक्यात येऊ. भूकंपानंतर रस्त्यालगतच्या गावांत मदतीचे ट्रक रांगेने लागले आणि आडवाटेची गावे वाट पाहत राहिली. शहरांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले, कारण ते या बाया-बापड्यांच्या अंगावर चढण्याजोगे नव्हते. देणाऱ्याने घेणाऱ्याला विचारले नाही की असे होते.

घरांचेही तेच झाले. 52 गावे नव्या जागी हलवायची ठरली. जागतिक बँकेचे कर्ज आले आणि अनेक गावे देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली. घराचे माप जमिनीवर ठरले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्यावर 750. भूकंपात मारले ते जुन्या घरांनी हे खरेच होते. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, गोल दगड मातीत बसवलेले, भिंतीच्या आरपार जाणारा बांधदगड नाही आणि डोक्यावर माळवदाचा टनावारी मातीचा भार. म्हणून लोक दगडालाच भ्यायले. पण नवे गाव नकाशावर पट्टी ठेवून आखल्यासारखे झाले. शेत लांब गेले, गोठ्याला आणि कडब्याला जागा राहिली नाही, भावकी पांगली. अंगण हरवलेल्या बायकांना बसून बोलायला ओटा उरला नाही.

जे टिकले ते वेगळ्या वाटेने गेले. ज्ञान प्रबोधिनी हराळीला शाळा काढून तिथेच राहिली. पन्नालाल सुराणा आणि सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ काढून पोरक्या मुलांना वाढवले. शांतिलाल मुथा यांच्या जैन संघटनेने बाराशे मुले पुण्याला नेली आणि त्यांच्यासाठी वाघोलीचे संकुल उभारले. अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केले. यांच्यात संघाचे होते, समाजवादी होते, जैन होते, ख्रिस्ती होते. झेंडे निरनिराळे, तगले ते मुक्कामाला राहिलेले.

कसोटीला सर्वांत चोख उतरले ते बायकांचे काम. जी घरे पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, त्यांच्या दुरुस्तीची योजना सरकारने आखली. ती हजारो गावांत पसरली होती. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने सुमारे तेराशे गावांत महिला संवाद सहायक नेमल्या. ज्या बाईला पूर्वी ग्रामपंचायतीची पायरी ठाऊक नव्हती, ती सिमेंट-वाळूचे प्रमाण मोजू लागली. बांधदगड बसला का, माळवदावरची माती कमी केली का, हप्ता कोणत्या तारखेला जमा झाला, हे विचारू लागली. अभियंता आला तर त्याच्यापुढे चुलीपासून पाच हातांवर उभी राहून भिंतीची चूक दाखवू लागली. लाइसनिगच्या पेटीची शेतकऱ्याकडची किल्ली ती हीच.

26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरले, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका तिकडे गेल्या. गुजराती येत नव्हते. पण तंबूत बसलेल्या बाईला त्या एवढे सांगू शकत होत्या की आमचेही असेच झाले होते, घर बांधताना तू उभी राहा, सही करण्याआधी विचार. 2004 च्या त्सुनामीनंतर त्याच अनुभवाच्या जोरावर त्यांच्यातल्या काहीजणी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोचल्या. म्हणजे ज्या तरंगमबाडीला झीगेनबाल्ग उतरला होता, त्याच किनाऱ्यावर मराठवाड्याच्या शेतकरी बाया सेवा करायला गेल्या.

ताळेबंद

तंजावर, पाढर आणि औसा एका माळेत ओवता येतात ते तिथल्या कामाच्या स्वभावामुळे. श्वार्ट्झची पत त्याच्या शब्दावर उभी होती. पाढरच्या परिचारिका वर्षभर जागल्या. संवाद सहायकांनी हिशेब मागितला. शब्द, मुक्काम आणि हिशेब हे तीन खांब असले की चर्चची मंडळी असो, मठ असो, मशिदीची जमात असो की गणपती मंडळ, सेवा उभी राहते. यातला एक जरी निसटला तरी उरतो तो फलक आणि त्यावरची देणगीदारांची नावे.

काळही बदलला आहे. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यातून घ्यावी लागते. परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांना, मग त्या ख्रिस्ती असोत वा इतर, आता गावातल्या पैशावर आणि गावातल्या माणसांवर जास्त भिस्त ठेवावी लागेल. ते वाईट नाही. औसा-निलंग्याच्या पट्ट्यात दर तीनचार वर्षांनी दुष्काळ फिरून येतो. त्याला मुंबईहून निघणारा ट्रक पुरणार नाही.

म्हणून या दिवाळीत कोणत्याही धर्माच्या सेवासंस्थेला चेक लिहिताना दोन प्रश्न जरूर विचारा. तुमच्या कारभारात मदत घेणाऱ्यांपैकी कोणी बसते का? आणि दहा वर्षांपूर्वी तुम्ही ज्यांना मदत केली त्यांतले किती जण आज तुमच्या बरोबरीने राबतात? उत्तर समाधानाचे असेल तर रक्कम दुप्पट करा. नसेल तर तोच पैसा आणि त्याहून जास्त आपला वेळ, गावाजवळच्या एखाद्या शाळेला, दवाखान्याला किंवा बचत गटाला द्या, आणि पुढच्या दिवाळीला हिशेब मागायला स्वतः जा.