सोळाशे मीटरच्या पुढे : गोंदिया जिल्ह्यातील हौशी धावपटूंचा सराव

गोंदिया जिल्ह्यात धावण्याचा सराव पुष्कळदा भरतीच्या निमित्ताने सुरू होतो; पोलीस भरतीत पुरुषांना १६०० व महिलांना ८०० मीटर, तर वनरक्षकपदासाठी अनुक्रमे ५ व ३ किलोमीटर धावावे लागत असल्याने वेगाची सवय आधी लागते आणि २१.१ किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनकडे वळतानाही ती सुटत नाही. लांब पल्ल्यात ही सवय अपाय करते, कारण हृदय व श्वसन यांची क्षमता काही आठवड्यांत वाढत असली, तरी हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा बळकट होण्यास अनेक महिने लागतात. म्हणून बहुतांश धावणे सहज बोलता येईल इतक्या संथ गतीने करावे आणि आठवड्यातून एकच लांब धाव ठेवून ती हळूहळू वाढवावी. दर आठवड्याला दहा टक्के वाढीचा प्रचलित नियम हा अंदाज आहे, सिद्धान्त नव्हे.

पूर्व विदर्भात याहून महत्त्वाचा प्रश्न सिकलसेलचा आहे. या आनुवंशिक विकारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. त्याचे एकच जनुक असलेले वाहक एरवी निरोगी असतात, परंतु उन्हात, शरीरात पाणी कमी असताना अतिश्रम झाल्यास त्यांच्या स्नायूपेशी फुटून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. वाहकांनी धावणे सोडण्याचे मुळीच कारण नाही; मात्र अंतर वाढवण्यापूर्वी शासकीय आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घ्यावी, वेगवान टप्प्यांमध्ये पुरेशी विश्रांती घ्यावी आणि स्नायूंत असाधारण वेदना वा दुर्बलता जाणवताच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.