उंसाचा पैसा आणि दुधाचा पैसा

घरांत पैसा किती येतो याची चौकशी सर्वजण करतात; तो केव्हां येतो याची चौकशी फार थोडे करतात. वस्तुतः संसाराची घडी बसते किंवा विस्कटते ती पुष्कळदां या दुसऱ्या प्रश्नावर. वर्षांतून एकदांच हातीं पडणारे एक लाख रुपये आणि दर दहा दिवसांनीं थोडेथोडे येऊन वर्षअखेर तितकेच भरणारे एक लाख रुपये हिशेबाच्या वहींत सारखे दिसतात. घरांत मात्र ते सारखे वागत नाहींत. पहिल्या पैशाला वाहनाची, दागिन्याची, थाटाच्या लग्नाची वाट तेव्हांच सुचते. दुसरा पैसा मीठ-मिरची, औषधपाणी आणि शाळेची फी यांत निमूटपणें आपलें काम करीत राहतो. हा भेद ज्याला डोळ्यांनीं पाहावयाचा असेल त्यानें वारणानगरकडे पाहावें.

कोल्हापूरच्या उत्तरेस, पन्हाळा तालुक्यांत, वारणा नदीच्या खोऱ्यांत हें ठिकाण आहे. जवळच्या कोडोलीचे विश्वनाथ अण्णा कोरे (१९१४–१९९४), ज्यांना सारा परिसर तात्यासाहेब म्हणून ओळखी, यांच्या पुढाकारानें विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकांत येथें सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला गेला. १९६४ सालीं महाविद्यालय निघालें, १९६८ सालीं दूध उत्पादकांचा संघ स्थापन झाला, पुढें ग्राहकांसाठीं वारणा बझार आला आणि १९८३ सालीं अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालें. आधीं ऊंस आणि मग दूध, या क्रमांत गृहव्यवस्थेचा मोठा धडा आहे.

उंसाचा पैसा मोठा खरा, पण तो फार वाट पाहावयास लावतो. जुलै-ऑगस्टांत लावलेला आडसाली ऊंस तोडणीस येण्यास सोळा ते अठरा महिने लागतात. सुरू हंगामाचा ऊंसही वर्षभर शेतांत उभा असतो. तेवढा काळ खत, पाणी आणि मजुरी यांचा खर्च मात्र चालूच असतो. त्यासाठीं शेतकरी गांवच्या विकास संस्थेकडून पीककर्ज काढतो आणि ऊंस गेल्यावर तें कारखान्याच्या बिलांतून परस्पर वळतें होतें. १९६६ च्या ऊंस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊंस पोंचल्यापासून चौदा दिवसांच्या आंत पैसे चुकते झाले पाहिजेत. विलंब झाल्यास वार्षिक पंधरा टक्के व्याज देय होतें. तरीही साखरेचा उठाव मंदावला कीं हप्ते लांबतात, हा महाराष्ट्रांत अनेक ठिकाणचा अनुभव आहे. अशा वेळीं ज्यानें येणाऱ्या बिलाच्या भरंवशावर उधारी करून ठेवलेली असते, त्याचा पैसा घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वींच दुसऱ्याचा झालेला असतो.

दुधाची रीत याच्या अगदीं उलट. सकाळ-संध्याकाळ दूध गांवच्या डेअरींत जातें, फॅट पाहून त्याचा दर ठरतो, आणि दर दहा दिवसांनीं पशुखाद्याची रक्कम वजा होऊन बिल निघतें. रक्कम लहान, पण नेमाची. जनावरांची निगा बहुधा घरांतील स्त्रियाच राखतात, आणि बाजारहाटही याच पैशांतून होतो. म्हणून जाणत्या कुटुंबाचा नियम असा असावा: दुधावर घर चालावें आणि उंसावर घर वाढावें. म्हणजे रोजचा खर्च नेमाच्या मिळकतींत बसवावा; आणि एकदम आलेल्या रकमेंतून कर्ज फेडावें, विहीर किंवा ठिबक करावें, मुलांच्या शिक्षणाची तरतूद करावी.

शहरांतील नोकरदाराचें दूध म्हणजे त्याचें मासिक वेतन. बोनस, वेतनवाढीची थकबाकी, निवृत्तीच्या वेळीं मिळणारी ग्रॅच्युइटी हा त्याचा ऊंस. अडचण येते ती बोनस मिळणारच म्हणून हप्त्यानें वस्तु घेण्यांत. तेथें ऊंस उभा असतांनाच विकला जातो. वकील, ठेकेदार, कलावंत यांच्या घरीं तर बहुधा नुसता ऊंसच असतो. त्यांनीं आपलें दूध आपणच निर्माण करावें. आलेली प्रत्येक रक्कम एका वेगळ्या खात्यांत टाकावी आणि त्यांतून दरमहा ठराविक रक्कमच घरखर्चास काढावी. निदान सहा महिन्यांचा खर्च त्या खात्यांत साठला, कीं लांबलेला हप्ता ही चिंतेची बाब राहते, संकटाची राहत नाहीं.

पैसा केव्हां येणार हें ठाऊक असणें हीही एक मिळकतच आहे. १९९८ सालीं या परिसरांतील सत्तर गांवांसाठीं संगणक-केंद्रांची एक सरकारी योजना सुरू झाली. आपल्या उंसाचें वजन आणि हिशेब शेतकऱ्यास गांवांतच समजावा, हा तिचा एक हेतु होता. पुढें सात गांवांत हीच माहिती मोबाइलच्या लघुसंदेशानें देण्याचा प्रयोग झाला आणि त्याचा वृत्तांत २००७ सालीं प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याला हिशेबासाठीं जी माहिती हवी असते, तीच प्रत्येक गृहस्थाला हवी असते. ती घरांत एकट्यापाशीं राहूं नये. पति-पत्नी दोघांनाही येणें-देणें तारखेसह माहीत असावें.

व्यवसायाची निवडही या दृष्टीनें पाहतां येते. वैद्यकासारखें दीर्घ शिक्षण ही आडसालीची लावण होय. उतारा चांगला, पण तोंपर्यंत घराला दुसरा आधार हवा. तो नसेल तर लौकर हातीं येणारी विद्या घेऊन मग पुढचें शिक्षण साधण्यांत कमीपणा नाहीं. आणि खोडव्याची गोष्ट तर प्रत्येक कमावत्यानें ध्यानांत ठेवावी. तोडलेल्या उंसाच्या बुडख्यांतून फुटणारें हें पीक बियाण्याच्या खर्चावांचून येतें, म्हणून गोड वाटतें. पण पुढें पुढें त्याचा उतारा घटत जातो आणि शेवटीं शेत नांगरून नवी लावण करावीच लागते. एकदां शिकलेल्या विद्येवर वर्षानुवर्षें काढलेली नोकरी हा असाच खोडवा आहे. उंसाच्या पैशांतला कांहीं भाग नव्या विद्येसाठीं राखून ठेवणें हें म्हणूनच काटकसरीइतकेंच महत्त्वाचें आहे. ज्या घरांत रोजच्या पोळीची सोय दुधावर झालेली असते, त्याच घराला नवी लावण करण्याचें धैर्य होतें.